‘कोड ऑफ कंडक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडाकर:
मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करणारा आमचा लहानसा गट आहे. मूळ प्रकल्पाने सहभागींनी एकमेकांशी कसं वागावं ते सांगणारा कोड ऑफ कंडक्ट स्वीकारला, भाषांतर माझ्या वाट्याला आलं. मी डोळे झाकून ‘आचारसंहिता’ लिहिलं. रविवारी तलावपाळीवर भेटलो तर एकाने विचारलं, “कधी लागतेय? तोवर माझे दोन पॅच (प्रोग्राममधल्या दुरुस्त्या) घुसवून घेतो.” सगळे हसले, मग तासभर भांडले. दुसरा शब्द सुचवा.

खाडीपलीकडे:
त्यांचा कान बरोबर आहे. आपल्याकडे आचारसंहिता ‘लागते’ आणि ‘उठते’. लागली की गटाराचं टेंडरसुद्धा अडतं, उठली की पुन्हा सगळं मोकळं. खरं तर निवडणुकीची आदर्श आचारसंहिता पक्षांच्या सहमतीतून आली आणि तिच्यामागे स्वतंत्र कायदा नाही, पण हे कोणाला आठवतं? त्यात ‘संहिता’ म्हटलं की न्याय संहिता, म्हणजे कोर्टच. (गडकरी रंगायतनच्या विंगेत विचाराल तर संहिता म्हणजे नाटकाचं बाड!)

महापे शिफ्ट:
मी विरोधातला. शब्दाने काय फरक पडतो? निवाडा कोण करणार ते सांगा. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या प्रकल्पात 2015 साली ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ होता, म्हणजे तुमच्या कामाची चिरफाड होणारच हे आधीच सांगून टाकलेलं. सप्टेंबर 2018 मध्ये तो काढून ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट’ या तयार नमुन्यावर बेतलेले नियम आणले. त्याच सुमारास लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने आपल्या जहाल ईमेलबद्दल माफी मागून काही काळ सुट्टी घेतली. उद्या चांगला पॅच देणारा माणूस जिभेपायी बाहेर गेला तर नुकसान कोणाचं?

ऐरोलीची:
दादा, माझ्या पहिल्या पॅचला उत्तर आलं होतं, “हे तुला कोणी शिकवलं?” यात पॅचची चिरफाड कुठे आहे? मी दुसरा पॅच पाठवलाच नाही. हे नुकसान कोणी मोजलं?

खाडीपलीकडे:
ताईंच्या अनुभवात शब्द सापडतोय बघा. वर्तन आपण ‘करतो’. ‘वर्तणूक’ प्रगतिपुस्तकात असते, शेरा देणारे गुरुजी वेगळे. ‘वागणूक’ मात्र ‘दिली’ जाते आणि ‘मिळते’. तिला समोर माणूस लागतो. ‘वागणुकीचे नियम’ लिहा.

नौपाडाकर:
‘नीतिनियम’ही सुचवलं होतं एकाने.

खाडीपलीकडे:
नको. एसक्यूलाइट या डेटाबेसवाल्यांनी सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठाची नियमावलीच कोड ऑफ कंडक्ट म्हणून लावली होती. 2018 मध्ये त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा तिचं नाव बदलून ‘कोड ऑफ एथिक्स’ केलं. नीती ज्याची त्याची. मी पहाटे उठतो की नाही याच्याशी ताईंच्या पॅचचा काय संबंध?

महापे शिफ्ट:
‘वागणुकीचे नियम’ चालेल, निदान निवडणूक तरी आठवत नाही. ताई, तो दुसरा पॅच पाठवा, मी बघतो. पण पुढचं ‘एन्फोर्समेंट’ काय करताय? ‘अंमलबजावणी’ लिहिलंत तर पुन्हा कलेक्टर कचेरीच.