गावच्या पाझर तलावाचं पाणी सॅटेलाइटवरून बघायला काय वापरू?

केजवाला
मंडळी, गाव केज तालुक्यात, मी पुण्यात. गावात एक पाझर तलाव न् सात-आठ शेततळी. पाऊस सरला की फोन लावतो तर एक म्हणतो तुडुंब आहे, दुसरा म्हणतो तळ दिसायला लागला, आणि रब्बीला गहू घ्यायचा का हरभऱ्यावर भागवायचं हे त्यावरच ठरतं. कोडिंग येत नाही, एक्सेल येतं. फुकटात काही आहे का? विहिरींचंही कळलं तर बरं.

नकाशेखोर
कोपर्निकस ब्राउझर उघडा, युरोपच्या सॅटेलाइटची चित्रं दाखवणारी वेबसाइट, फुकट आहे. त्यात सेंटिनेल-२ हा सॅटेलाइट घ्या, ढग कमी असलेली तारीख निवडा आणि एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी उठून दाखवणारा लेयर लावा. पाणी निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश, जवळजवळ सगळा पिऊन टाकतं, हिरवा प्रकाश थोडा परत पाठवतो, त्या फरकावरून पाणी वेगळं दिसतं. साधारण पाच दिवसांनी नवीन चित्र. पण एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे ३० बाय ३० चं शेततळं जेमतेम नऊ ठिपके, त्यातले कडेचे आठ बांधात मिसळलेले. शेततळ्यांचा नाद सोडा, तलाव छान दिसेल.

भिजकी_माती
जून ते सप्टेंबर ढगच ढग, तेव्हा सेंटिनेल-१ बघा, रडार आहे, ढगातून आरपार दिसतं. आणि जलपर्णी असेल तर जपून!! आमचा तलाव स्क्रीनवर निम्मा आटलेला, जाऊन बघतो तर हिरव्या गालिच्याखाली पाणी तसंच.

भूजल_भाऊ
विहिरींसाठी ग्रेस सॅटेलाइट बघा की, जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज येतो त्यावरून.

नकाशेखोर
भाऊ, ग्रेस भारी आहे, २००२ ते २०१७ चाललं, २०१८ पासून त्याच्या जागी ग्रेस-एफओ, पाण्याच्या वजनाने गुरुत्वाकर्षण बदलतं ते पकडतं. पण त्याची नजर तीनशे-एक किलोमीटरची. बीड, लातूर, धाराशिव एकाच घासात. आपल्या काळ्या पाषाणात शेजारशेजारच्या दोन विहिरींचं पाणी जुळत नाही, तिथे हे काय सांगणार? विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा.

भिजकी_माती
शिवाय सॅटेलाइटला पसारा दिसतो, खोली नाही. गाळ भरलेला तलाव वरून रुंद दिसतो न् आत गुडघाभर.

केजवाला
बघितलं! एप्रिल २०१६ लावलं, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा, तर तलावाची जागा आजूबाजूच्या रानासारखीच करडी, शोधावी लागली. भाच्याला सांगून सांडव्याच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने फुटाच्या खुणा करून घेतल्या, दर पाच दिवसांनी फोटो टाक म्हटलं तर मोबाइलचा रिचार्ज मागतोय.