चर्चच्या खिडकीत मास्तरांचा चेहरा काढावा का?

जालना_साईड:
सगळ्यांना सलाम. आमच्या गावच्या चर्चमधी वेदीमागची पूर्वेची खिडकी रंगीत काचेची करायलोत, मास्तरांच्या आठवणीत. ७२ च्या दुष्काळात मास्तरांनी शाळेपुढं उभं राहून जातपात न बघता सगळ्या लेकरांना सुकडी वाटली, माझी आई त्या रांगेत असायची, अजून सांगते की ओंजळ भरल्याबिगर मास्तर पुढं सरकू देत नव्हते. आता कमिटीत दोन मतं पडलीत, काही म्हणायलेत मास्तरांचा फोटोच काचेवर घ्या, काही म्हणायलेत चर्चमधी माणसाचा चेहरा नको. एक जण निम्मे पैसे देतो म्हणतो पण खाली त्याचं नाव पाहिजे. आन स्टिकरवाला म्हणतो स्वस्तात फिल्म चिकटवून देतो. काय करावं?

काचकाम_संभाजीनगर:
दादा, फिल्म अजिबात नको. एका हॉलची आम्हीच खरवडून काढली, दोन उन्हाळ्यांत लाल रंगाचा गुलाबी झाला होता आन कडेनं पापुद्रे सुटले होते. खऱ्या कामात रंग काचेतच असतो, निळा कोबाल्टनं येतो, तुकडे शिशाच्या पट्टीत बसवतात. चेहरा किंवा हात काढायचे तर काळपट रंगानं रेघा ओढून काच ६०० डिग्रीच्या वर भट्टीत भाजावी लागते, मग तो रंग जात नाही. शिसं मऊ असतं, मोठी खिडकी आपल्याच वजनानं पोट काढते, म्हणून आडव्या सळ्या द्याच. आन उपासना सकाळची असेल तर ऊन थेट लोकांच्या डोळ्यांत येईल, काच जरा गडद घ्या.

गोदाकाठची:
अमेरिकेत बर्मिंगहॅमला १९६३ मध्ये चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या, तेव्हा तिकडं लांब वेल्समधल्या लोकांनी पैसे जमवून त्या चर्चला खिडकी दिली, १९६५ मध्ये. कुणाकडूनही अर्ध्या क्राउनपेक्षा (तिथलं तेव्हाचं एक छोटं नाणं) जास्त घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणजे ती सगळ्यांची झाली. ती खिडकी करणाऱ्या जॉन पेट्स या कलाकारानं त्यात मुलींचे चेहरे नाही काढले, हात पसरलेला काळा ख्रिस्त काढला. भाऊ, निम्मे पैसे एकाकडून घेऊ नका, घरटी थोडे थोडे घ्या. आणि तुमच्या आईनं चित्र सांगितलंच आहे की, देणारे हात आणि लेकराची ओंजळ.

जालना_साईड:
ताई, आईला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणली हात काढणार असाल तर उजव्या हाताची करंगळी वाकडी काढा, मास्तरांची तशीच होती. रविवारी कमिटीपुढं मांडतो. काचवाले दादा, खिडकी ४ बाय ७ फूट आहे, सळ्या किती लागतील?