ओरिजिनल म्हणून घेतलेल्या पानावर शाईखाली निळे ठिपके, फसलो का?

आठवं_पान

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली कॉमिक्सची ओरिजिनल पानं, म्हणजे छापण्याआधी आर्टिस्टने हाताने काढलेली, जमवतोय, एकेक करून सात झाली, प्रत्येकासाठी महिनोन्महिने पैसे साठवून ठेवलेत. मागच्या महिन्यात आठवं घेतलं. सेलरने लिहिलं होतं "प्रकाशित ओरिजिनल पान, ब्रिस्टल बोर्डवर शाई, ११ बाय १७ इंच" (ब्रिस्टल बोर्ड म्हणजे चित्रासाठीचा जाड कागद) आणि खाली पेन्सिलर, म्हणजे पेन्सिलने चित्र काढणारा, आणि इंकर, म्हणजे त्यावर शाई करणारा, दोघांची नावं. पान आलं, दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट, पॅकिंगला नाव ठेवायला जागा नाही. बघून हरखून गेलो अक्षरशः. पावसात उभी असलेली बाई, मागे दिव्याचा खांब, आणि तो सगळा पाऊस ब्रशने मारलेला, प्रत्येक रेघ सुरू होते जाड आणि संपते केसासारखी. तासभर तेच बघत बसलो.

मग भिंग काढलं. बाईच्या कोटाच्या कडेला जिथं शाई संपते तिथं फिकट निळं काहीतरी दिसलं. आधी वाटलं निळी पेन्सिल असेल, आर्टिस्ट लोक वापरतात ती, पण नीट बघितलं तर ती सलग रेघ नाहीच, बारीक बारीक ठिपके आहेत, प्रिंटरचे असतात तसे. शिसपेन्सिलीचा मागमूस नाही कुठे, खोडल्याचंही दिसत नाही. संवादाचे फुगेपण रिकामे आहेत, एक अक्षर नाही.

मी प्रिंट विकत घेतली का? सेलरला काय लिहू? आणि पेन्सिलरचा मेल त्याच्या साइटवर आहे, त्याला थेट विचारलं तर चालतं का, की असं विचारणं बरं दिसत नाही? दोन दिवस झोप नाहीये खरंच, सांगा प्लीज.

काळी_रेघ

आधी शांत व्हा, प्रिंट नाहीये ती. याला ब्लूलाइन म्हणतात. पूर्वी पेन्सिलर पान काढायचा, तोच बोर्ड कुरिअरने इंकरकडे जायचा आणि इंकर त्याच पेन्सिलवर शाई करायचा, म्हणून जुन्या पानावर दोघांचे हात एकाच कागदावर असतात. आता बरेच पेन्सिलर पान स्कॅन करून फाइल पाठवतात, इंकर ती फिकट निळ्यात कोऱ्या बोर्डवर छापून घेतो आणि वरून खऱ्या शाईने काम करतो, स्कॅन करताना निळा काढून टाकता येतो म्हणून निळा. कुरिअरचे दिवस वाचतात, पान हरवायची भीती नाही. पण मग एका पानाचे दोन कागद होतात, पेन्सिलचा एक आणि शाईचा एक, आणि तुमच्याकडे शाईचा आलाय.

शाई खरी आहे का ते असं बघा, पान खिडकीपाशी तिरकं धरा. मोठ्या काळ्या भागात ब्रशचे फटकारे वेगवेगळे चमकतात, कुठे दाट कुठे विरळ, आणि चूक झाकायला लावलेला पांढरा रंग बोटाला किंचित उंच लागतो (लागतो म्हणजे बोट लावू नका, नुसतं बघूनही कळतं). छापलेला काळा सगळीकडे सारखाच सपाट असतो. पावसाच्या रेघांचं तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला तरी हाताचंच काम वाटतंय.

पेन्सिल दिसत नाही हा एकटा पुरावा धरू नका, कारण एकाच बोर्डवर काम केलं तरी इंकर शेवटी पेन्सिल खोडतोच. फरक असा की तिथे तिरक्या उजेडात पेन्सिलच्या टोकाने पडलेले चरे दिसतात, ब्लूलाइनवर ते नसतात.

फुगे रिकामे असण्याचं काही वाटून घेऊ नका. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून लेटरिंग, म्हणजे फुग्यांतली अक्षरं लिहिणं, कॉम्प्युटरवर गेलं, त्याच्या नंतरच्या बहुतेक पानांवर अक्षरं नसतातच. उलट सत्तरच्या दशकातलं पान कोणी रिकाम्या फुग्यांचं विकत असेल तर तिथे दहा प्रश्न विचारा.

आणि माझं मत विचाराल तर छापून जे वाचकाच्या हातात गेलं ती रेघ इंकरची. तो पाऊस पेन्सिलरने कदाचित चार तिरक्या रेघांत सुचवला असेल, पाडला इंकरने. पान आवडलंय ना, ठेवा.

जुनी_पेटी

वरचं सगळं बरोबर आहे पण शेवटचं मला अजिबात पटलं नाही. पान सुंदर आहे हा एक मुद्दा आणि सेलरने सांगितलं नाही हा दुसरा, दोन्ही एकत्र कालवू नका. पेन्सिल आणि शाई एकाच बोर्डवर असलेलं पान आणि नुसतं ब्लूलाइन यांच्या किमतीत बराच फरक असतो, आणि जाहिरातीत पेन्सिलरचं नाव टाकायचं पण त्याच्या हाताची एकही रेघ कागदावर नाही हे लिहायचं नाही, याला मी लपवणंच म्हणेन. नवीन माणूस तिथेच फसतो.

मी पण एकदा पोळलोय. एका मोठ्या आर्टिस्टचं पेन्सिल स्केच म्हणून घेतलं, सहीसकट. वर्षभराने त्याच पोझचं छापील चित्र समोर आलं, दोन्ही एकावर एक धरून उजेडाला लावलं तर केसाचाही फरक नाही. लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून दिवा असलेल्या काचेवर, गिरवलेलं होतं. माणूस स्वतःचंच चित्र परत काढतो तेव्हा कुठेतरी बोट हलतं, नाक सरकतं, आणि गिरवलेल्या रेघेत ती थरथर असते, हात पुढे काय येणार ते बघत बघत चालतो ना. विकणारा तोवर गायब. तेव्हापासून स्केच घेताना ते आधी कोणाकडे होतं हे विचारल्याशिवाय पैसे पाठवत नाही, आणि पेमेंट साइटवरून पैसे पाठवताना मित्राला पाठवतो त्या पर्यायाने कधीच नाही, खरेदीच्या पर्यायानेच, दोन पैसे जास्त गेले तरी. तक्रार करायला जागा राहते.

साइज पण बघत जा. अमेरिकन कॉमिक्समध्ये साधारण १९६७ पर्यंत पानं बरीच मोठी काढायचे, छापील पानाच्या जवळपास दुप्पट, मग ती ११ बाय १७ च्या बोर्डवर आली. त्यामुळे १९६३ चं पान म्हणून कोणी ११ बाय १७ दाखवलं तर शंका आलीच पाहिजे.

आर्टिस्टला विचारण्याबद्दल एक सांगतो, हे जरा मनापासून. आताच्या आर्टिस्टला बिनधास्त विचारा. पण साठच्या दशकातल्या पानाबद्दल त्या आर्टिस्टला किंवा घरच्यांना लिहिताना शब्द जपून वापरा. तेव्हा पानं आर्टिस्टला परत मिळतच नव्हती, मोठ्या कंपन्यांनी ती द्यायला सुरुवात केली सत्तरच्या दशकात, तोवर कितीतरी पानं कापली गेली, वाटली गेली, चोरीला गेली. जॅक कर्बी या आर्टिस्टने मार्व्हल कंपनीसाठी दहा हजारांहून जास्त पानं काढली, आणि वर्षानुवर्षं भांडून १९८७ मध्ये हातात आली ती जेमतेम दोन हजार. आपण आनंदाने फोटो पाठवतो "बघा तुमचं पान माझ्याकडे आहे" आणि समोरच्यासाठी ते त्याच्याकडून हिरावलं गेलेलं पान असतं. मला हे कळलं तेव्हा फार लागलं होतं.

निब_आणि_ब्रश

मी स्वतः इंकिंग करते, पानंही विकते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. ब्लूलाइन विकताना मी पहिल्या ओळीत ब्लूलाइन असं लिहिते आणि मागच्या बाजूलाही पेन्सिलने लिहून ठेवते, कारण पान माझ्याकडून जातं, मग त्याच्याकडून तिसऱ्याकडे, आणि चौथ्याला काही माहीतच नसतं. तुमच्या सेलरलाही माहीत नसेल हे शक्य आहे हो. म्हणून पहिल्याच मेलमध्ये फसवणूक वगैरे शब्द नको. सरळ लिहा की शाईखाली छापील निळा दिसतोय, हा फोटो, हे ब्लूलाइन आहे असं दिसतं, जाहिरातीत उल्लेख नव्हता, परत घ्याल का किंवा किमतीचं काही बघता येईल का. बहुतेक माणसं नीट उत्तर देतात. नाही दिलं तर पेमेंटवाल्यांकडे तक्रारीची मुदत असते ती आत्ताच बघून ठेवा, बोलण्यात दिवस घालवले आणि मुदत गेली असं व्हायला नको.

पेन्सिलरला मेल जरूर करा. इश्यू नंबर, पान नंबर, स्पष्ट फोटो, आणि एकच प्रश्न, पेन्सिलचा कागद वेगळा आहे का. आम्हाला राग येतो तो अशा प्रश्नाचा नाही. कमिशनचे, म्हणजे सांगून काढून घ्यायच्या चित्राचे, अर्धे पैसे दिले की दर दोन दिवसांनी "झालं का" विचारतात त्याचा येतो, नाहीतर अमक्याने कमीत दिलं म्हणून घासाघीस करतात त्याचा. (कमिशन देताना साइज, किती पात्रं, नुसती शाई की रंग आणि अंदाजे कधी, हे पैसे देण्याआधी मेलवर लिहून घ्या. उशीर होतो आमच्याकडून, मान्य आहे, पण लिहिलेलं असलं की दोघांना बरं पडतं.)

आणि ब्लूलाइनला किंमत नाही असं समजू नका. पानावर काय घडतंय त्यालाच लोक जास्त पैसे देतात. मार्व्हलच्या सीक्रेट वॉर्स या कॉमिकच्या आठव्या अंकातलं माइक झेकचं ते एक पान, स्पायडरमॅनच्या काळ्या ड्रेसवालं, २०२२ मध्ये लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. ब्लूलाइन नव्हतं ते, पण कव्हरही नव्हतं, आतलं पान.

आठवं_पान

सगळ्यांचे मनापासून आभार. खिडकीपाशी तिरकं धरून बघितलं, काळ्या कोटात ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसतात, दिव्याच्या काचेवर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका आहे तो चक्क उंचवटा आहे. चरे नाहीत. म्हणजे ब्लूलाइनच.

सेलरला निब_आणि_ब्रश ताईंनी सांगितलं तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्याने पण कोणाकडून तरी घेतलेलं, त्याला माहीत नव्हतं म्हणाला, आणि परत घेतो किंवा पाव रक्कम परत देतो असे दोन पर्याय दिले. मी पाव रक्कम घेतली, पान ठेवतोय. जुनी_पेटी काका, जाहिरातीचं तुमचं म्हणणं पटलं, त्याला तेही लिहिलं की पुढच्या वेळी बघून टाका.

आणि पेन्सिलरचं उत्तर आज सकाळी आलं!! पेन्सिलचा कागद अजून त्याच्याकडेच आहे, विकायचा आहे, फोटो पाठवलाय. त्यात पाऊसच नाहीये. आभाळाच्या जागी बारीक अक्षरात एवढंच लिहिलंय, इथे पाऊस, भरपूर. परत आलेली रक्कम आणि थोडी भर घालून घेतोय.

दोन्ही शेजारी शेजारी फ्रेम करायचेत, काही काळजी घ्यावी लागते का?

काळी_रेघ

इथे पाऊस, भरपूर!! वा. हेच म्हणत होतो मी.

फ्रेमला ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) सांगा, काच यूव्ही किरण अडवणारी, कागद काचेला टेकता कामा नये. थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, तो निळा तर आधी उडेल. आणि लागले की फोटो टाका इथे.