भाच्याला टेलिग्रामवर कट्टर ग्रुपात ॲड केलंय, नुसतं मेंबर असलं तरी केस होते का?

चोपड्याचा मामा
राम राम मंडळी. माझा भाचा २० वर्षांचा आहे, जळगावला रूम करून पोलीस भरतीची तयारी करतो. दाजी गेले तेव्हापासून त्याचं सगळं मीच बघतो. परवा मळ्यात केळीची गाडी भरत होतो तर हा अचानक येऊन बांधावर बसला, जेवला नाही, बोलेना. शेवटी फोनच पुढे केला. कुणीतरी त्याला भरतीच्या नोट्स म्हणून एका टेलिग्राम ग्रुपात घेतलं होतं, तीनेक हजार मेंबर, महिनाभर खरंच गणिताच्या पीडीएफ यायच्या आणि मग एका रात्रीत ग्रुपचं नाव बदललं, फोटो बदलला आणि दुसऱ्या समाजाबद्दल घाण व्हिडिओ, तलवारी, तयार राहा वेळ जवळ आली असलं सुरू झालं. हा बाहेर पडला नाही. वरून दोनदा अंगठा दिलाय आणि एक व्हिडिओ रूमवरच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय. आता धुळ्याच्या एका पोराला असल्याच ग्रुपवरून पोलिसांनी बोलावलं असं ऐकून हा घाबरलाय. सगळं डिलीट करून सिम बदलू का म्हणतो. उद्या भरतीत चारित्र्य पडताळणीला हे निघालं तर पोराचं काय? कुणाला माहिती असेल तर सांगा, ताई तर रडून रडून अर्धी झालीय.

अमळनेर वकील
मामा, सगळ्यात आधी त्याला सांगा डिलीट काहीच करायचं नाही आणि सिम तर अजिबात बदलायचं नाही. पुरावा म्हणून लागू नये याच हेतूने फोनमधलं उडवलं तर न्याय संहितेचं कलम २४१ आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे पहिला गुन्हा सिद्ध होवो न होवो दुसरा आपण हाताने तयार करून द्यायचा.

आता मेंबर असण्याचं. टेलिग्रामचा ग्रुप म्हणजे लगेच कायद्यातली संघटना होत नाही. यूएपीए म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा, त्यात सदस्यत्वाचा गुन्हा लागतो तो सरकारने अधिसूचना काढून बंदी घातलेल्या किंवा दहशतवादी यादीत टाकलेल्या संघटनेला. जसं सिमीवर २००१ ला बंदी आली, माओवादी पक्ष २००९ ला यादीत गेला, पीएफआयवर सप्टेंबर २०२२ मध्ये ५ वर्षांसाठी बंदी आली. आधी २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की नुसतं सदस्य असणं गुन्हा नाही, हिंसा केली किंवा चिथावली तरच. बऱ्याच लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. पण २४ मार्च २०२३ ला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते फिरवलं, बंदी असलेल्या संघटनेचं सदस्य असणं आणि राहणं हाच कलम १० खाली गुन्हा, २ वर्षांपर्यंत. दहशतवादी यादीतली संघटना असेल तर कलम ३८, १० वर्षांपर्यंत, पण तिथे त्या संघटनेचं काम पुढे नेण्याचा हेतू लागतो, हे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. हेतू नव्हता हे कोर्टात सांगता येतं हो, पण यूएपीएत जामीनच इतका अवघड की तिथपर्यंत पोचेस्तोवर पोराची उमेदीची वर्षं जातात. म्हणून तो ग्रुप कुणाचा, बंदीच्या संघटनेचं नाव, झेंडा काही त्यात आहे का हे आधी बघा.

मला काळजी मेंबरशिपपेक्षा त्या फॉरवर्डची वाटते. अंगठ्याचं सोडा, लाइक करणं म्हणजे प्रसारित करणं नाही असं अलाहाबाद हायकोर्टाने २०२५ मध्ये आयटी कायद्याच्या एका प्रकरणात म्हटलंय. पण पुढे ढकललेला व्हिडिओ हा त्याने स्वतः केलेला प्रसार धरतात. दोन समाजांत वैर पसरवण्याचं न्याय संहितेतलं कलम १९६, ३ वर्षांपर्यंत, दखलपात्र आणि अजामीनपात्र. तिथेही हेतू दाखवावा लागतो, पण एफआयआर व्हायला तेवढा फॉरवर्ड पुरतो.

भुसावळकर
वकील साहेब बरोबर बोलले. माझंच सांगतो. कॉलनीच्या ग्रुपचा मी ॲडमिन, एकाने रात्री दोन वाजता भडकाऊ काहीतरी टाकलं, मी ड्युटीवर, सकाळी बघितलं तोवर तक्रार झालेली. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की मेंबरच्या पोस्टसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, संगनमत असेल तरच, आणि माझ्यावर गुन्हा पण झाला नाही. पण जबाबासाठी चार चकरा झाल्या, फोन तपासाला गेला तो आठ महिने आला नाही, त्यात आईच्या शेवटच्या दिवसांचे फोटो होते. गुन्हा नसला म्हणजे त्रास नाही असं समजू नका भो.

शिरपूरची मॅडम
मामा मी बारावीच्या पोरांना शिकवते म्हणून लिहिते. कायद्याचं वकील बघतील, पण पोर ग्रुपात का थांबलं हे त्याला ओरडून नाही, शेजारी बसून विचारा. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच होता, रूमवर एकटा, दोनदा भरतीत मार्क कमी पडलेले. मला म्हणाला मॅडम तिथे रोज कुणीतरी विचारायचं, भाऊ जेवलास का. घरून फक्त मार्क विचारायचे. हे लोक आधी जेवण विचारतात आणि तलवार नंतर काढतात. आणि त्या व्हिडिओतल्या समाजाची पोरं त्याच मैदानावर त्याच्यासोबत पळतात ना पहाटे? त्यांनी तो बघितला असेल तर त्यांना काय वाटलं असेल हे पण त्याला विचारा. आणि त्याच्या टेलिग्रामला प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं ते फक्त कॉन्टॅक्ट असं आजच करून टाका.

चोपड्याचा मामा
@अमळनेर वकील दादा, मग ग्रुपातून बाहेर पडायचं की तसंच राहायचं? बाहेर पडलं की पुरावा जातो का?

अमळनेर वकील
बाहेर पडायचंच, राहायचं नाही. राहिला तर उद्या तेच विचारतील, कळल्यावर पण का थांबलास. आधी ॲड केल्याची तारीख, नाव बदललेला मेसेज, त्याला ॲड करणाऱ्याचं प्रोफाइल या सगळ्याचे तारीख वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, मग ग्रुप रिपोर्ट करून एक्झिट. रूमच्या ग्रुपवर सरळ लिहायचं की तो व्हिडिओ मी चुकून टाकला, कुणी पुढे पाठवू नका. मूळ मेसेज आहे तिथेच राहू दे. मग वकिलासोबत सायबर पोलिसांकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. वकील सोबत असल्याशिवाय मात्र पोलिसांना फॉरवर्डबद्दल एक ओळ लिहून द्यायची नाही. भरतीचं म्हणाल तर फॉर्ममध्ये गुन्हा दाखल आहे का हे विचारतात, अर्ज देणं म्हणजे गुन्हा दाखल होणं नाही. पुढे देव न करो काही झालंच तर फॉर्ममध्ये लपवायचं नाही, लपवल्यामुळे पोरांच्या निवडी रद्द होतात.

चोपड्याचा मामा
सगळ्यांचे आभार. काल रात्री जळगावला जाऊन त्याच्या रूमवरच मुक्काम केला. स्क्रीनशॉट ४१ निघाले, मग तो ग्रुपातून बाहेर पडला. रूमच्या ग्रुपवर त्याने स्वतः टाईप केलं, मी फक्त शेजारी बसलो होतो. त्यात त्याच्यासोबत मैदानावर पळणारा एक मुलगा आहे, व्हिडिओ त्याच्याच समाजाबद्दल होता, त्याचा रात्री साडेअकराला रिप्लाय आला, उद्या पाचला ग्राउंडवर ये मग बोलू. पाचला गेला हा. सोमवारी वकिलांकडे जातोय, दादा तुमचा वेळ असेल तर अमळनेरलाच येतो.