गोठ्यातली नाचणी

कुणी कुणी म्हणतं, नाताळ म्हणजे केक आणि मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपलं. आमच्या बेळगावात तसं नसतं हो! 25 डिसेंबरच्या आधी चार रविवार आगमनकाळ, म्हणजे येशूजन्माच्या तयारीचे दिवस. चर्चमध्ये हिरव्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. लहानपणी आमचं सगळं लक्ष त्या गुलाबीवरच.

खरी धांदल गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची. आई आठ-दहा दिवस आधी वाटीत नाचणी पेरायची, ती उगवली की गोठ्यासमोरचं शेत तयार. जास्त पाणी घातलं की कुजायची, मग शेजारून उसनी आणायची. नेवऱ्या, कलकल, दोदोल अशा गोड फराळाची ताटं शेजारीपाजारी जायची आणि दिवाळीतला फराळाचा डबा तसाच भरून परत यायचा.

भाषेचं म्हणाल तर घरात कोंकणी, गल्लीत मराठी, बसमध्ये कन्नड. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत 1953 सालचा, पण हे मिश्रण त्याहून जुनं.

आणि 31 तारखेला कॅम्प भागातला ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायला सगळ्या धर्मांची पोरं! त्यासाठी जुन्या पँटी कोण देणार, यावरून मात्र घरोघरी भांडणं.