१:६४ जीटी-४०, गल्फचे रंग, ६ नंबर: रंग खरखरीत येतोय, डिकलखाली चंदेरी चट्टे

लातूर_६४
मेनलाइनमधल्या (खेळण्यातल्या गाड्यांची स्वस्त मालिका) साध्या फोर्ड जीटी-४० च्या छोट्या मॉडेलवरून १९६९ ची ल माँ शर्यत जिंकणारी, गल्फ तेल कंपनीच्या निळ्या-नारिंगी रंगातली ६ नंबरची गाडी करायलोय. रिव्हेट काढून बॉडी सुटी केलीय, कंपनीचा रंग अजून तसाच आहे. आधी एका फुटक्या बॉडीवर चाचणी घेतली, तिथं तीन अडचणी आल्या:
फिकट निळा स्प्रे वाळला की हाताला सँडपेपरसारखा लागतो.
नारिंगी पट्टा निळ्यावर मारला तर मळकट तपकिरी दिसतो.
पारदर्शक डिकल पेपरवर (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) छापलेला पांढरा गोल उमटतच नाही, आणि फिल्मखाली चंदेरी चट्टे येतात.
स्प्रे दुपारी गच्चीवर मारतो. पाणी बोअरचं. जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा चालेल का?

डायकास्ट_जालना
कॉस्टिक अजिबात नको. बॉडी झमॅकची, म्हणजे मुख्यतः जस्त आणि थोडं ॲल्युमिनियम. हे दोन्ही धातू कॉस्टिकमध्ये विरघळतात, बुडबुडे येतात तो हायड्रोजन. रंग निघतो, पण धातू काळा पडतो, त्यावर बारीक खड्डे पडतात आणि दाराच्या रेषा बोथट होतात. हार्डवेअरमध्ये जेलसारखा पेंट रिमूव्हर मिळतो तो आणा. काचेच्या बरणीत १५ ते २० मिनिटं, मग जुन्या टूथब्रशनं घासा. रबरी हातमोजे घाला, काम उघड्यावर करा. काचा आणि क्रोमचे प्लास्टिक भाग आधी बाजूला काढा, त्यांचा लगदा होतो. नंतर भांड्याच्या साबणानं धुवा, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवा आणि तिथून पुढं बॉडीला उघडं बोट लावू नका.

खरखरीतपणाचं कारण तुमची दुपार आहे, भाऊ. मे महिन्यात ४२ अंशात थेंब हवेतच अर्धे वाळतात. बॉडीवर पोचल्यावर ते एकमेकांत मिसळत नाहीत, दाण्यासारखे नुसते बसतात. पत्राही तापलेला असतो. सकाळी सातच्या आत, सावलीत मारा. अंतर २५ सेंमी ठेवत असाल तर १५ ते १८ वर आणा. दोन अगदी पातळ हात, मध्ये १० मिनिटं, मग तिसरा जरा ओला. लगेच वर प्लास्टिकचा डबा पालथा घाला, नाहीतर काळ्या मातीची धूळ बसते. आत्ता जे खरखरीत झालंय ते पूर्ण वाळू द्या, २००० नंबरच्या पेपरनं पाण्यात घासा, वर एक ओला हात. पुन्हा सगळं काढायची गरज नाही.
पावसाळ्यात उलटं होतं. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि लॅकर (थिनर उडून वाळणारा रंग) पांढुरका होतो. झड लागली असेल तर स्प्रे हातातच घेऊ नये.

मोंढा_नाका
पट्ट्याचा क्रम उलटा करा. नारिंगी रंग झाकत नाही, खालचा निळा त्यातून डोकावतो. फिकट निळ्यात पांढरं भरपूर असतं, तो नारिंगी आरामात झाकतो. म्हणून राखाडी प्रायमर, त्यावर पांढरा, मग मधल्या भागात नारिंगी. एक दिवस थांबा. पट्ट्याच्या रुंदीची मास्किंग टेप कापून नाकापासून शेपटीपर्यंत लावा, कडा टूथपिकनं दाबा. आता निळ्याच्या आधी टेपच्या कडेवर नारिंगीचाच एक हलका फवारा. टेपखाली जे झिरपायचं ते नारिंगीच झिरपतं आणि फट बंद होते. वर निळा. टेप रंग अर्धवट ओला असतानाच, मागं दुमडून ओढा.

प्रायमरच्या आधी दार आणि इंजिन कव्हरच्या रेषा कटरच्या पाठीनं खोल करून घ्या. चार थरांनंतर त्या बुजतात आणि मग गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते.

मापाचं एक. पाकिटावर १:६४ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. खऱ्या जीटी-४० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २४१३ मिमी, म्हणजे १:६४ ला ३७.७ हवा. व्हर्नियरनं मोजा. समजा ३९ आला, तर तुमची बॉडी १:६२ च्या जवळ आहे. गोल आणि आकडा त्याच भाजकानं काढा. फोटो बघताना नंबर आधी बघा: हीच १०७५ चॅसिस १९६८ ला ९ नंबर लावून जिंकली आणि १९६९ ला इक्स-ऑलिव्हर या चालकांनी ६ नंबरनं. दोन्ही वर्षांचे फोटो कायम एकत्र फिरतात.

गोदाकाठ
साधा प्रिंटर पांढरं छापतच नाही, तिथं कागद मोकळा सोडतो. पांढरा गोल पांढऱ्या डिकल पेपरमधून पंचनं कापा, वर पारदर्शक पेपरवरचा काळा ६. लेझर प्रिंट घ्या. इंकजेट असेल तर पाण्यात घालण्याआधी क्लिअरचे (पारदर्शक वार्निशचे) दोन-तीन हलके हात हवेतच, नाहीतर शाई पसरते.

चंदेरी चट्टे म्हणजे फिल्मखाली अडकलेली हवा. तुमच्या खरखरीत रंगावर ते येणारच, म्हणून डिकलच्या आधी ग्लॉस क्लिअर. डिकल पाण्यात २० सेकंद, मग बाहेर मिनिटभर. तरंगत ठेवला तर गोंद धुऊन जातो. बसवल्यावर पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर, निम्मं-निम्मं, ब्रशनं लावा. सुरकुत्या आल्या तरी हात लावू नका, वाळताना ताणून बसतात. उरलेल्या चट्ट्यांना बारीक सुईनं टोचा आणि पुन्हा व्हिनेगर.
बोअरच्या पाण्याचे क्षार क्लिअरखाली पांढरे ठिपके होऊन कायम राहतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी घ्या.

लातूर_६४
क्रम कळला. शेवटचा क्लिअर लॅकरचा आहे, निळा डबा मात्र एनॅमलचा निघाला. चालेल?

डायकास्ट_जालना
नाही. लॅकरचं थिनर एनॅमलला खालून उचलतं, सगळा रंग सुरकुततो, डिकलसकट. निळा लॅकरमध्येच घ्या. डब्यावर ॲक्रिलिक लॅकर लिहिलेलं बघा. एनॅमलच वापरायचा असेल तर आठवडाभर वाळू द्या आणि क्लिअरही एनॅमलचा घ्या, पण तो पिवळट पडतो आणि ह्या निळ्यावर ते लगेच दिसतं.
जोडणीला रिव्हेटच्या खुंटात १.६ मिमी ड्रिल, ५ मिमी खोल, मग एम२ टॅप (२ मिमी स्क्रूचे आटे पाडायचं हत्यार). तेलाचा थेंब टाका, अर्धा फेरा पुढं, पाव मागं. झमॅकचा चुरा अडकला की टॅप आतच मोडतो. हे सगळं रंगाच्या आधी. स्क्रू ४ मिमीचे.