ईपीसी : गॅरंटीचे कागद शोधून ठेवा
ब्रिटनमध्ये घर विकताना ईपीसी (घराच्या ऊर्जा-बचतीला ए ते जी अशी श्रेणी देणारं प्रमाणपत्र) दर वेळी नवीनच काढावं लागतं असं काही जण सांगतात, ते तितकंसं बरोबर नाही. ते 10 वर्षं चालतं. सरकारी रजिस्टरवर पोस्टकोड टाकून फुकट बघा, आधीच्या मालकाचं चालू असेल तर तेच वापरा. भाड्याने द्यायचं तर मात्र इंग्लंड-वेल्समध्ये (सूट मिळालेली घरं सोडून) किमान 'ई' श्रेणी हवी.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. असेसर (ईपीसीसाठी घर तपासणारा) भिंत फोडून बघत नाही. आत इन्सुलेशन भरल्याचा पुरावा नसेल तर बांधकामाच्या काळावरून अंदाज धरतो, आणि जुन्या घराला तो बहुधा महागात पडतो, म्हणजे श्रेणी खाली येते. आमच्याकडे माळ्यावरच्या इन्सुलेशनच्या लोकरीची जाडी त्याने पट्टीने मोजली, पण भिंतींचं इन्सुलेशन धरलं ते गॅरंटीचा कागद पुढे केल्यावरच. माळ्याच्या झडपेखालचे खोकेही हलवून ठेवा. वर चढता आलं नाही तर तिथेही अंदाजच.